अंगठा बापाचा, सही माझी

"कोट काढ."

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजारतळावर मांडव पडला होता. मांडवामागं पडद्याच्या आडोशाला वकीलसाहेब उभे होते. म्हणजे आता खासदारसाहेब. आठच दिवसांपूर्वी राज्यसभेवर निवडून आलेले. आमच्या धनगर समाजातर्फे त्यांचा सत्कार होता. मी हिंगोलीच्या कोर्टातून तारीख आटोपून थेट जीपनं आलो होतो. अंगात काळा कोट, गळ्यात पांढरे बँड. सात वर्षं त्यांच्या हाताखाली वकिली केली होती. आज त्यांच्या शेजारी उभं राहायचं, एवढं मनाशी धरून आलो होतो.

त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"कोट काढ. धोतर नेस. घोंगडी खांद्यावर टाक आन् कोकरू धर हातात. फोटोत धनगर दिसला पाहिजे. वकील मी हाय की."

मी म्हणालो, "साहेब, कोर्टातून आलोय. असाच उभा राहतो."

ते हसले. भोवतालच्या दहा-बारा जणांकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोट तर माझाच हाय. काढायला लाजतो काहून?"

सगळे खो खो हसले.

खोटं नव्हतं. कोट त्यांचाच होता. मी त्यांच्याकडं लागलो त्या पहिल्या दिवशी त्यांनी आपला जुना कोट मला दिला होता. बाह्या आखूड, खांदे ढगळ. सात वर्षं तोच घालत होतो.

मी कोट काढला. हे आधीच सांगून टाकतो. नाही तर वाचणाऱ्याला वाटेल, मी तिथंच पेटून उठलो. नाही उठलो. पडद्यामागं उभ्या उभ्या धोतर नेसलो, पिवळा फेटा बांधून घेतला, कुणीतरी हातात दिलेलं कोकरू छातीशी धरलं आणि मंचावर गेलो.

मंचावर माझा बाप होता. त्याच्या हातात नवी घोंगडी. आमच्या मेंढ्यांची काळी लोकर. मायनं दोन महिने बसून कातलेली, मग विणकराकडून विणून आणलेली. घोंगडी, काठी आणि भंडारा देऊन सत्कार करायची आमच्यात रीत आहे. ज्याला घोंगडी दिली तो आपला झाला. बापानं साहेबांच्या खांद्यावर घोंगडी टाकली, कपाळाला भंडारा लावला. मग वळून माझ्याकडं पाहिलं. त्याच्या पोराचा कोट कुठं गेला, हे त्याला कळेना. तेवढ्यात कोकरू माझ्या अंगावर मुतलं. साहेब माईकवरून म्हणाले, "कोकराला बी मालक बराबर कळला." हजार माणसं हसली. त्यात आमचीच माणसं जास्त.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, "खासदारांचे स्वागत करताना पारंपरिक वेशातील मेंढपाळ." माझं नाव नव्हतं.

पण ती बेइज्जती काहीच नव्हती. त्या घोंगडीखाली आमचं काय झाकून टाकलं होतं, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव साखऱ्याच्या अंगाला. कोरडवाहू रान, खडकाळ माळ. गावाला गायरान होतं, आणि गायरानातून पाझर तलावाकडं जाणारी वाट होती. उन्हाळ्यात सगळ्या शिवारातलं पाणी आटलं तरी त्या तलावात गुडघाभर असायचं. आमची मेंढरं त्याच पाण्यावर जगायची. गावच्या पाटलानं एका वर्षी गायरान वहितीखाली आणलं आणि वाट तारेनं बंद केली. गंमत बघा, याच पाटलाच्या शेतात उन्हाळ्यात आमच्या मेंढ्या बसवायला बोलावणं यायचं. मेंढ्या शेतात बसल्या की लेंडीमुताचं खत फुकट मिळतं. मेंढरांचं खत पाटलाला चालायचं. मेंढरांची तहान चालत नव्हती.

मी तेव्हा नुकताच वकील झालेला. परभणीला राहून कायदा शिकलो होतो. घराण्यात सही करणारा पहिलाच माणूस. हिंगोलीत या साहेबांचं नाव मोठं. स्वतः मोठ्या जमीनदार घरातले, पण भाषणात नेहमी गोरगरीब. मी बापाला घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दावा मी लढतो. फी नको. पोरगं मला द्या."

बापानं पोरगं दिलं.

दावा लागला. सगळ्या मेंढपाळांच्या वतीनं बाप वादी. साहेबांनी मनाई हुकूम मिळवला. निकाल लागेपर्यंत पाटलानं वाट अडवायची नाही. तार निघाली. त्या दिवशी मेंढरं तलावावर गेली तेव्हा माय पाण्याच्या काठाला बसून रडली. साहेब आमचे देव झाले. इथं मला खोटं बोलायचं नाही. माणूस हुशार होता. कोर्टात बोलायला उभा राहिला की समोरचा वकील कागद चाळत बसायचा. मी त्यांच्यासारखं व्हायला बघत होतो. त्यांच्यासारखा चष्मा पुसायचो, त्यांच्यासारखा "माय लॉर्ड" म्हणून थांबायचो.

पण सात वर्षांत एकदाही त्यांनी मला युक्तिवाद करू दिला नाही. दावे मी लिहायचे, दाखले मी शोधायचे, रात्रंदिवस कायद्याची पुस्तकं मी उलटायची, बोलायचे ते. पक्षकार आला की ओळख करून द्यायचे, "हे आपलं धनगराचं पोरगं. लई प्रामाणिक." प्रामाणिक हा शब्द ते कुत्र्याबद्दल बोलावं तसा बोलायचे. मला तेव्हा ते कौतुक वाटायचं.

मग राज्यसभेची हवा सुरू झाली.

राज्यसभेला लोकांची मतं लागत नाहीत. आमदार मतं देतात. साहेबांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, धनगर समाज आपल्या मागं आहे, हे पक्षाला दाखवणं. त्यासाठी आम्ही होतो. दुसरी, काठावरच्या काही आमदारांची मतं. त्यातला एक आमदार आमच्या गावच्या पाटलाचा जावई. हे मला नंतर कळलं असं म्हणून सुटता आलं असतं. पण नाही. मला तेव्हाच माहीत होतं. सगळ्या हिंगोलीला माहीत होतं.

एक दिवस साहेबांनी मला आत बोलावलं. स्वतः उठून दार लावून घेतलं.

"तुझ्या बापाच्या दाव्यातून मी माझं वकीलपत्र काढून घेतो. आता मला टाइम न्हाई. दावा तू चालव. तुझा पहिला स्वतंत्र दावा."

मी फुगलो. पायरी उतरताना मला माझ्याच चालण्याचा अभिमान वाटत होता.

पंधरा दिवसांनी परत बोलावलं. टेबलावर अर्धा कागद. पुरसिस. वकिलानं कोर्टाला लिहून द्यायचा छोटा कागद असतो तो. त्यावर टाईप केलेलं: वादीस सदरचा दावा पुढे चालविणे नाही, दावा काढून घेत आहे.

मी वाचलं. दोनदा वाचलं. म्हणालो, "साहेब, मनाई हुकूम जाईल."

"कोर्टात वीस वर्षं लागतात. मी दिल्लीला गेलो की कलेक्टरला एक फोन. वाट सरकारी कागदावर कायमची. पाटील बी तयार हाय. उगं भांडण काहून वाढवायचं?"

"मग निदान परत दावा लावायची मुभा तरी मागून ठेवू."

ही मुभा म्हणजे काय ते सांगतो. दावा काढून घेताना कोर्टाकडून तशी परवानगी घेतली नाही, तर त्याच कारणावरून पुन्हा दावा लावता येत नाही. दार कायमचं बंद. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं.

साहेब म्हणाले, "मुभा मागितली की पाटलाला वाटंल, आपल्या मनात पाप हाय. काही मागू नको." मग म्हणाले, "मी दिल्लीला गेलो की हे ऑफिस कोण बघणार? तूच ना?"

ही खुर्ची. ही पुस्तकं. बाहेर नावाची पाटी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण सुटलं.

मी कागद घेऊन गावाकडं गेलो. बाप वाड्यावर होता. आमच्यात वाडा म्हणजे मेंढरांचा. लंगडणाऱ्या एका मेंढीचा खूर धरून काटा काढत बसला होता.

"काय हाय कागदावर?"

"साहेब दिल्लीतून वाट कायमची करून देणारेत. त्याचाच हाय."

"तू वाचलास नव्हं?"

"वाचला."

"मग झालं."

हात धोतराला पुसून त्यानं अंगठा पुढं केला. मी शाईचं पॅड आणलं होतं. त्याचा अंगठा धरून मीच कागदावर टेकवला. खाली सही केली. वादीतर्फे वकील.

कोर्टात न्यायाधीशांनी कागद वाचला आणि बापाकडं पाहिलं. "आबा, दावा मागे घ्यायचाय तुम्हाला?"

बापानं माझ्याकडं बोट केलं. "पोरगं म्हणल तसं."

न्यायाधीशांनी चष्मा काढून मला विचारलं, "वकीलसाहेब, पुन्हा दावा लावायची परवानगी मागताय का?"

आयुष्यात पहिल्यांदा एका न्यायाधीशानं मला वकीलसाहेब म्हटलं होतं. त्यांनी स्वतःहून दार उघडून धरलं होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. मी मागं वळून बघितलं. साहेबांचा मुन्शी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होता.

"नाही," मी म्हणालो.

एक शब्द. त्यांनी तसं लिहिलं. बाहेर आल्यावर बापानं मला उसाचा रस पाजला. पोरानं पहिला दावा स्वतः चालवला म्हणून.

साहेब निवडून आले. पाटलाच्या जावयाचं मत पडलं. आठ दिवसांनी तो गोरेगावचा सत्कार, ती घोंगडी, ते कोकरू. आणि त्याच उन्हाळ्यात पाटलानं परत तार ओढली. या वेळी तिहेरी, काटेरी, सिमेंटचे खांब पुरून.

मी रोज साहेबांना फोन करायचो. साहेब दिल्लीत. साहेब मीटिंगमध्ये. साहेब वारंगा फाट्यावर कार्यक्रमाला आलेत म्हणून कळलं तसा एसटीनं तिकडं पळालो. गाडीची काच खाली न करताच त्यांनी हात हलवला. बघू, असा.

इकडं माय दोन कोसांवरून हंड्यानं पाणी आणत होती. हंड्यानं किती मेंढरं जगतात? एके दिवशी काही मेंढ्या तहानेनं तारेखालून घुसल्या. पाटलाच्या गड्यांनी धरून कोंडवाड्यात घातल्या. बाप सोडवायला गेला तर म्हणाले, पाटील गावाला गेलेत, आल्यावर बघू. दोन दिवस पाणी नाही, चारा नाही. एक गाभण मेंढी आतच मेली. बाप दाराबाहेर बसून होता. त्यानं सगळं डोळ्यानं बघितलं.

मी पोचलो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "त्या कागदावर काय होतं रे?"

मी सांगितलं नाही. तसाच हिंगोलीला परतलो.

त्या आठवड्यात साहेब बंगल्यावर आले होते. बाहेर लोकांची रांग. सात वर्षं ज्या घरात मी मागच्या दारानं जात होतो, तिथं मला रांगेत उभं केलं. तीन तासांनी आत गेलो. साहेब नाश्ता करत होते. बस म्हणाले नाहीत.

मी सगळं सांगितलं. तार, कोंडवाडा, मेलेली मेंढी.

ते म्हणाले, "मला काहून सांगतो?"

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"कागद हाय का शब्दाचा?" त्यांनी रुमालानं हात पुसले. "तू वकील हायेस ना? मग बराबर ध्यानात घे. त्या दाव्यात माझं वकीलपत्र न्हाई. पुरसिसवर सही कुणाची हाय? कोर्टात मुभा नको कोण म्हणालं? मी तर तिथं नव्हतो."

सगळं आधीच ठरलं होतं. मला पहिला स्वतंत्र दावा दिला, तो यासाठी. ज्या दिवशी मी फुगून पायऱ्या उतरलो, त्याच दिवशी माझी मान अडकवली गेली होती. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, इथं कुंपणाला मीच खांब पुरून दिले होते.

माझं तोंड बघून ते जरा मवाळ झाले. "जाऊ दे. सरकारी वकिलाच्या यादीत तुझं नाव टाकायला सांगतो. आन् हे बघ, पुढच्या महिन्यात मंत्री येणार हायेत. समाजाचा मेळावा घ्यायचा. तुझ्या मायला सांग, अजून एक घोंगडी कातायला. मागची लई चांगली होती."

"ती कुठं आहे?" मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

"कुठली?"

"मायनं कातलेली."

त्यांनी मुन्शीकडं पाहिलं. मुन्शी बाहेर बघायला लागला. मी खिडकीतून पाहिलं. गाडी धुऊन झाली होती आणि ड्रायव्हर काळ्या घोंगडीनं तिची चाकं पुसत होता.

मोठ्यानं ओरडावं असं वाटलं, पण आवाज एकदम शांत निघाला.

मी कोट काढला. आखूड बाह्यांचा, ढगळ खांद्यांचा. नीट घडी घातली आणि त्यांच्या नाश्त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा तुमचा कोट. घोंगडी मिळणार नाही. एकही नाही."

"बस खाली. येडा झाला का?"

"सात वर्षांत आज पहिल्यांदा बस म्हणालात," मी म्हणालो आणि बाहेर पडलो. घोंगडी ड्रायव्हरच्या हातून ओढून घेतली. ग्रीसनं माखली होती. तशीच काखेत मारून गावाकडं निघालो.

साहेबांसमोर बोलणं सोपं होतं. बापासमोर अवघड होतं. तरी सांगितलं. सगळं. कागदावर काय होतं, मला ते कळलं होतं, न्यायाधीशानं विचारलं होतं, मी नाही म्हणालो होतो. आणि मला खुर्ची हवी होती, हेही.

मला वाटलं, तो काठी उचलेल. त्यानं घोंगडी हातात घेतली. ग्रीसचे डाग बोटानं चोळून पाहिले.

"अंगठा मी वकिलाला दिला न्हवता," तो म्हणाला. "पोटच्या पोराला दिला व्हता."

माय आतून म्हणाली, "जाऊ द्या. लेकरू हाय."

"लेकरू न्हाई त्ये," बाप म्हणाला. "लेकरू असतं तं मी माफ केलं असतं."

महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. त्या उन्हाळ्यात पाटलाचं मेंढ्या बसवायचं बोलावणं आलं. बापानं नाही म्हणून कळवलं. तो नाही म्हणाला म्हणून बाकीचेही नाही म्हणाले. गोरेगावात कोकरू मुतलं तेव्हा जे हसले होते, तेसुद्धा. पाटलाची शेतं त्या वर्षी खताविना पडली. माझ्या बापाला एक अक्षर वाचता येत नाही, पण नाही कधी म्हणायचं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मग मी कायद्याची पुस्तकं परत उघडली. दार बंद झालं होतं, पण एक फट होती. पक्षकाराला फसवून दावा काढायला लावला, असं सिद्ध झालं तर कोर्ट तो पुन्हा उभा करू शकतं. फसवलं हे कोण सांगणार? ज्यानं फसवलं तोच. आणि ज्या प्रकरणात साक्ष द्यायची, त्यात वकील म्हणून उभं राहता येत नाही. मला पिंजऱ्यात जावं लागणार होतं.

हिंगोलीत आमचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना. खासदाराच्या विरोधात कोण जाणार? शेवटी परभणीच्या एका वकीलबाईंनी घेतलं. बाररूममध्ये जुने मित्र समजावत राहिले, "अरे, स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा कापतोस. वकिलीची सनद जाईल. बापाला काय, दुसरीकडं पाणी मिळेल." मुन्शी निरोप घेऊन आला. यादीत नाव अजूनही टाकता येईल म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

अर्ज सुनावणीला यायला दोन वर्षं गेली. तोवर मी नवा कोट शिवला होता. माझ्या मापाचा.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या दारात उभा राहिलो. बाप शेजारी होता, खांद्यावर तीच घोंगडी. मायनं किती वेळा धुतली, तरी डाग गेले नव्हते. साक्षीदाराला वकिलाचा वेश घालून पिंजऱ्यात जाता येत नाही. मी बँड सोडले. कोट काढला. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. कुठं ठेवावा म्हणून बघत होतो, तर बापानं हात पुढं केला.

"आण इकडं," तो म्हणाला.

मी पिंजऱ्यात गेलो. शपथ घेतली. पाटलाचा वकील उलटतपासणीला उठला. साहेबांच्याच हाताखालचा नवा वकील. अंगात एक काळा कोट, आखूड बाह्यांचा. मी तो ओळखला.

"म्हणजे तुमचं म्हणणं," तो म्हणाला, "पुरसिसवरची सही तुमची आहे?"

"माझी आहे."

"त्यातला मजकूर तुम्हाला समजला होता?"

"पूर्ण समजला होता."

"म्हणजे एक वकील म्हणून तुम्ही स्वतःच्या पक्षकाराला, स्वतःच्या वडिलांना फसवलं. असंच ना?"

त्याला वाटलं होतं, मी अडखळेन. शेवटच्या बाकावर मुन्शी बसला होता. त्याच्या पुढच्या बाकावर बाप, मांडीवर माझा कोट.

"हो," मी म्हणालो. "फसवलं. तसंच लिहून घ्या. आणि कुणाच्या सांगण्यावरून फसवलं, ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी मी सांगणार आहे. त्यांचं पूर्ण नाव घ्या, बापाच्या नावासकट. आडनाव मी सांगतो तसं लिहा."

त्यानं हरकत घेतली. परभणीच्या बाई उठल्या. न्यायाधीशांनी हात वर करून दोघांनाही गप्प केलं आणि टायपिस्टला म्हणाले, "घ्या लिहून."

मी नाव सांगायला सुरुवात केली.